पोरगं परमनंट हाय का?

आमच्या मावळात ज्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, त्यालाही एक इंग्रजी विशेषण पक्कं ठाऊक असतं. परमनंट. कोणी परमनंट म्हणतं, कोणी पर्मलंट, पण अर्थाबद्दल कोणाचाच घोटाळा नसतो. तळेगाव-चाकणच्या बाजूला कारखाने आले आणि हा शब्द त्यांच्याबरोबर आला, असं बहुतेकांना वाटतं. लोणावळ्यात तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, घाटात रुळांच्या देखभालीवर. त्यांच्या खात्याचं नावच ‘परमनंट वे’. पूर्वी रेल्वे बांधताना दगडमाती वाहायला आधी तात्पुरते रूळ टाकत. काम उरकलं की ते उचलायचे आणि खरे, कायमचे रूळ घालायचे. त्या दुसऱ्या रुळांना दिलेलं हे नाव. वडील स्वतः मात्र बरीच वर्षं हंगामी होते. “रूळ परमनंट, आम्ही टेंपरवारी,” असं हसत हसत म्हणायचे आणि हातोडा खांद्यावर टाकून निघायचे.

पुढे हा शब्द घराघरांत शिरला. परमनंट गिऱ्हाईक, परमनंट दुखणं, परमनंट पत्ता. माझ्या मुलाला कॅनडात जाऊन बरीच वर्षं झाली तेव्हा एके दिवशी त्याचा फोन आला, “बाबा, पीआर मिळाली. आता आम्ही इथले परमनंट.” मी अभिनंदन केलं, बाजारात जाऊन पेढे आणले. मी तुंगार्लीच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहतो. आजूबाजूला बंगले पुष्कळ, पण तो मधला वार होता, बंगल्यांना कुलपं होती. शनिवार-रविवारी येणारी ती माणसं. पुडा हातात घेऊन मी तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिच्या फोटोपुढे एक पेढा ठेवला, एक मी खाल्ला. उरलेल्यांना पुढे मुंग्या लागल्या.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. हा शब्द मी एकदा चार माणसांत उच्चारला, आणि तो खोटा होता. त्याचं ओझं दुसऱ्याच कोणी वाहिलं. माझी पंचाहत्तरी उलटली आहे. जे झालं ते जसं झालं तसं कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो. कामगारांच्या हजेरीचं ते ऑफिस. माझा धाकटा भाऊ गावी, वडिवळ्यात, आईजवळ असायचा. भाताचं थोडं रान होतं, तेवढ्यावर भागत नव्हतं. मी साहेबांच्या कानावर घालून त्याला कारखान्यात चिकटवला. चिकटवला म्हणजे टेंपररी म्हणून. तेव्हाची पद्धत अशी होती, आणि नाव बदलून आजही आहे, की टेंपररी माणसाला सहा-सात महिने राबवून घ्यायचं आणि कायद्याने त्याचा हक्क लागायच्या आत ‘ब्रेक’ द्यायचा. ब्रेक म्हणजे घरी बसणं. गरज लागली की पुन्हा बोलावणं येई. त्याच मशिनवर, त्याच माणसाला, नव्या बिल्ल्यावर. जुनी नोकरी नव्हतीच, असं समजून सगळं पहिल्यापासून. माझ्या भावाला असे दोन ब्रेक झाले होते, आणि दोन्ही वेळा त्याचा बिल्ला परत घेणारा मीच होतो.

तरी बाहेर कोणी ब्रेक म्हणत नसे. “सुट्टीवर हाय,” म्हणायचे. कारण लग्नाच्या बाजारात मुलाचं रंगरूप, शिक्षण, शेती यांच्या आधी एकच प्रश्न यायचा.

तो प्रश्न सुदुंबऱ्यात आला. मुलगी पसंत होती, आमचं पोरगं त्यांना पसंत होतं, ओटीवर घोंगडी अंथरली होती, मध्ये ताटात पान आणि सुपारी. आमच्याकडे बोलणी पुरी झाली की सगळ्यांदेखत सुपारी फोडतात. एकदा फुटली की शब्द पक्का, मग मागे फिरायचं नाही. मुलीचे वडील साधे शेतकरी, बोलायला कमी. त्यांचा मेहुणा मात्र भोसरीला कंपनीत होता, त्याला सगळं कळत होतं.

मेहुण्याने अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाला, “एक विचारायचं ऱ्हायलं. पोरगं परमनंट हाय का?”

आमच्याकडचा एक चुलता चटकन बोलला, “अहो पाव्हणं, आमच्याकडं म्हैससुदिक परमनंट हाय, पोरग्याचं काय घिऊन बसलाय!”

सगळे हसले. मेहुणा हसला नाही. “म्हशीला ब्रेक देत न्हाईत, आबा. माणसाला देत्यात.”

तेव्हा मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी टाइम ऑफिसात हाय नव्हं? मग इकडं-तिकडं कशाला इचारायचं? तुमी सांगाल ते खरं.”

आता इथे मला एक सांगायला हवं, सबब म्हणून नव्हे. त्याच आठवड्यात आमचे साहेब मला म्हणाले होते, “जुन्या टेंपररींतले काही जण यंदा घेऊ बहुतेक. बघू.” ‘काही जण’, ‘बहुतेक’ आणि ‘बघू’ हे तीन शब्द माझ्या डोक्यात होते. भाऊ माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. त्याने माझ्या गुडघ्याला हळूच हात लावला. त्याला काय म्हणायचं होतं, ‘सांग’ की ‘नको सांगू’, ते मला त्या वेळी कळलं नाही. मी म्हणालो, “हो, परमनंट आहे.”

खट्ट करून सुपारी फुटली.

लग्न झालं. माप ओलांडून ती आमच्या घरात आली. त्यानंतर काही महिन्यांनी भावाला तिसरा ब्रेक मिळाला, आणि पुढे बोलावणं आलंच नाही. त्या वर्षी कोणालाच परमनंट केलं नाही. साहेबांची बदली झाली. नव्यांनी टेंपररी माणसं ठेकेदाराकडून घ्यायला सुरुवात केली. गावात सांगायला आमच्याकडे एकच वाक्य होतं, “नोकरी गेली.”

परमनंट नोकरी अशी जात नाही, हे गावालाही माहीत होतं. मग ती गेली कशी? कारण शोधावं लागतं, आणि घरात नवीन आलेलं माणूस एकच होतं. एका रविवारी मी वडिवळ्याला गेलो होतो. ती मागीलदारी भांडी घासत होती. आईने मला चहा दिला आणि मागीलदारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “पायगुण असतो एकेकीचा. चांगली परमनंट नोकरी व्हती लेकराची. हिचं पाऊल पडलं आन् गेली.”

मागची भांड्यांची खरखर थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. माझ्या हातात कप होता. मी चहा संपवला.

त्या वेळी नाही, नंतर सांगू, असं मी ठरवलं. नंतर म्हणजे कधी? बोललो असतो तर सुदुंबऱ्याची माणसं जाब विचारायला आली असती. भावकीत माझा शब्द चालत होता, तो चालेनासा झाला असता. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट ही, की त्या सोयरिकीनंतर माझा शब्द आणखी चालायला लागला. सुपारी फोडायच्या आधी लोक मला विचारायला येऊ लागले, “तुमच्या कंपनीतलं अमकं पोरगं परमनंट हाय का?” मी प्रत्येकाला खरं सांगितलं. एकही खोटं सांगितलं नाही. जणू बाकीच्यांना खरं सांगून ते एक भरून निघणार होतं.

पायगुण मात्र वाढत गेला. गाय गाभडली, पायगुण. पहिलं मूल पोटात राहिलं आणि गेलं, पायगुण. माझ्या पत्नीनेसुद्धा एकदा सहज म्हटलं, “तिचं नशीबच तसलं.” मी पत्नीलाही कधी खरं सांगितलं नाही. भावाने पुढे पर्यटकांची जीप चालवली, पावसाळ्यात भाताची लावणी केली. पुढे एक मुलगी झाली, तिला त्याने शिकवलं. त्याला मी एकदाच विचारलं होतं, बांधावर बसलो असताना, “तुझ्या बायकोला खरं सांगायचं का रे?” तो गवताची काडी चावत म्हणाला, “दादा, ऱ्हाऊ दे. मी बघतो.” त्याने काय बघितलं ते मला कळलं नाही. मला ते ‘ऱ्हाऊ दे’ पुरेसं होतं. आई गेली, मग तोही गेला, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन. आता हे जाणणारा मी एकटा राहिलो, असं मी समजत होतो.

कारखाना तर केव्हाच बंद झाला. मी स्वतः कागदोपत्री परमनंट होतो, तरी वेळेआधीच निवृत्ती घेऊन मला घरी बसावं लागलं. गेट अजून उभं आहे, आत कोणाचं तरी गोदाम आहे.

माझी पुतणी, भावाची ती एकुलती मुलगी, इंग्रजी शिकवते. आधी तासांवर होती, गेल्या वर्षी तिला परमनंटची ऑर्डर मिळाली आणि तिने कामशेतला फ्लॅट घेतला. मला दर रविवारी फोन करायची ती. कॅनडाच्या फोनपेक्षा मी त्या फोनची जास्त वाट पाहत असे, हे लिहायला आता हरकत नाही. एका रविवारी मी तिला विचारलं, “तू परमनंट झालीस खरी, पण ह्या शब्दाचा मुळात अर्थ काय गं?”

शिक्षकाला असं विचारलं की आवडतं. ती म्हणाली, “लॅटिन आहे, मोठे काका. ‘पर’ म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. ‘मनेरे’ म्हणजे राहणं, थांबणं. दोन्ही मिळून शेवटपर्यंत थांबलेला. फ्रेंचमधून इंग्रजीत आला.”

“म्हणजे कायमचा असं नाही?”

“तो नंतर चिकटला. मुळात नुसतं थांबणं. ‘रिमेन’ त्याच घरातला. ‘मॅन्शन’सुद्धा. मॅन्शन म्हणजे राहायची जागा.”

“आमच्या तुंगार्लीत मॅन्शनं पुष्कळ आहेत,” मी म्हणालो. “राहत कोणी नाही.”

ती खूप हसली. “हे मी वर्गात सांगणार! आणि गंमत ऐका. घरातली हलकी कामं करणाऱ्याला इंग्रजीत ‘मीनियल’ म्हणतात ना, तोही त्याच मुळातला. मूळ अर्थ, घरात राहणारं माणूस.”

मग मीही माझी थोडी विद्वत्ता दाखवली. आपला ‘कायम’ अरबीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ उभा असलेला. इंग्रजीत थांबतात, अरबीत उभे राहतात. तिने ते लिहून घेतलं बहुतेक. मग तिचा आवाज बदलला.

“काका, आईचं काय करायचं सांगा. वास्तूला मी म्हणते, कलश घेऊन पहिलं पाऊल तू टाक. तर ऐकत नाही. आत्याला पुढे कर म्हणते. मी म्हटलं, विधवा वगैरे मी मानत नाही. तर म्हणाली, ते न्हाई गं. माझा पाय बरा न्हाई. मी आले आन् तुज्या बापाची परमनंट नोकरी गेली. तुझ्या परमनंटवर घेतलेल्या घरात मी न्हाई पहिली शिरणार.” ती थांबली. “मी हरले. तुम्ही थोरले आहात. तुमचं ऐकेल ती.”

“बघू,” मी म्हणालो. आणि साहेबांचा तो ‘बघू’ मला आठवला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसलो. शेवटपर्यंत थांबलेला. कारखान्याने कोणाला शेवटपर्यंत ठेवलं नव्हतं, आणि कारखाना स्वतःही राहिला नव्हता. मी लोणावळ्याला निघून आलो होतो, मुलगा त्याहून लांब गेला होता. वडिवळ्याच्या त्या घरात सासूचं दुखणं काढत, नवऱ्याचं दुखणं काढत, भात लावत आणि कापत थांबून राहिलेलं माणूस एकच होतं. त्याला आम्ही अपशकुनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लोकलने कामशेतला उतरलो, तिथून सहा आसनी रिक्षाने वडिवळ्याला. भात कापून झालं होतं. खळ्यावर झोडणी चालली होती आणि वाटेवर पेंढा सांडला होता. भावजय ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. मला पाहताच तिने डोक्यावर पदर घेतला, उठून उभी राहिली आणि आत गेली.

आमच्यात थोरल्या दिराशी भावजय सरळ बोलत नाही. मध्ये कोणीतरी लागतं. पूर्वी ती मुलीला म्हणायची, “काकांना म्हणावं, हात धुवा.” मी दोन हातांवर बसलेलो असे. मुलगी लोणावळ्यात शिकायला राहिली तेव्हापासून ती दाराच्या चौकटीला सांगायची. त्या दिवशी दावणीला वासरू होतं. आतून आवाज आला, “चा ठेवलाय म्हणावं.”

वासराने माझ्याकडे पाहिलं.

ती पुन्हा येऊन सूप घेऊन बसली, माझ्याकडे पाठ अर्धी वळवून. मी बोलायला सुरुवात केली. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. “सुदुंबऱ्यात तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. मी परमनंट म्हणालो. तो परमनंट नव्हता. होईल अशी आशा होती, पण नव्हता, आणि ते मला माहीत होतं. नोकरी तुझ्या पायाने गेली नाही. ती नव्हतीच.”

सूप चालत राहिलं. मग थांबलं. एक चिमणी खाली आली, तांदळाचा दाणा घेऊन उडाली. भावजयीने तोंड माझ्याकडे वळवलं. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा समोरून पाहिला नव्हता.

“परमनंट न्हवते ते मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “पयल्या दिवाळीच्या आदीच ह्यांनी सांगितलं.”

“मग?” मी विचारलं.

“ह्यांनी सांगितलं, म्या दादालाबी फसवलं. दादाला वाटत व्हतं मी परमनंट हाय, म्हणून दादा तसं बोलला. त्याला कदी काय इचारू नगंस, त्याच्या जिवाला लागंल.”

“अगं, मी टाइम ऑफिसात होतो. मला कसं माहीत नसेल?”

“मी कवा बघितलं तुमचं टाइम ऑफिस?” तिचा आवाज चढला. “मला वाटायचं, तितं घड्याळाला चावी देत असतील!”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मला हसू आलं असतं.

“जल्मभर मी त्यांना बोलले,” ती म्हणाली. “भाकरी वाढताना बोलले. आजारी पडल्यावर बी एकदा बोलले. म्हणलं, मला फसवलंत ते फसवलंत, देवासारख्या भावाला कशाला फसवलंत? आन् त्यो माणूस गप ऐकायचा. एकदाबी उलटून बोलला न्हाई.”

दादा, ऱ्हाऊ दे. मी बघतो. त्याने काय बघितलं होतं ते आता मला कळलं.

“मग आई पायगुण म्हणायची तेव्हा तू का नाही बोललीस?”

“काय बोलू? माजा नवरा खोटारडा हाय म्हणून सांगू? चार माणसांत त्यांची अब्रू घालवू? आन् पोरीला काय सांगू, तुजा बाप लबाड व्हता? त्यापरीस माजा पाय वाईट ते बरं.” तिने सूप बाजूला ठेवलं. “माझं जाऊ द्या. पर सासूबाई बोलल्या त्या दिवशी तुमी तितंच बसला व्हता. मला दारातनं दिसत व्हता. मला वाटलं, बिचाऱ्याला काय ठाव न्हाई. चा पीत व्हता.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“हितं सांगून काय करू मी? या सुपाला सांगू? लोकं माज्या पायाकडं बघत्यात अजून. उद्या पोरीला कायबी झालं तर तिच्या नव्या दारातबी बघतील. म्हणून मी पुढं व्हत न्हाई, मला काय येडबिड लागलंय व्हय?” ती उठली. “सुदुंबऱ्यात चार माणसांत बोलला व्हता नव्हं? मग चार माणसांत सांगा.”

“सांगितलं तर तू पहिलं पाऊल टाकशील?”

“माझं मी बघीन. तुमी तुमचं बघा.”

ती आत गेली. चहा आलाच नाही. मी फाट्यावर येऊन उभा राहिलो. रिक्षा यायला फार वेळ लागला. धरणावरून गार वारा येत होता. माझा भाऊ माझ्या वाटची बोलणी खात इथे राहिला, आणि मी दर भाऊबीजेच्या दिवशी येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून, “कसा आहेस?” विचारून परत जात होतो, हेच डोक्यात फिरत राहिलं. माफी मागायला आता तो नव्हता. चार माणसांत सांगायचं तर त्यांना त्याचंही सांगावं लागणार होतं.

वास्तूच्या दिवशी कामशेतला गेलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दाराला झेंडूचं तोरण, बाहेर जिन्यापाशी चपलांचा ढीग. वडिवळ्याची भावकी आली होती. माझी बहीण, म्हणजे पुतणीची आत्या, हिरवं लुगडं नेसून कलशाशेजारी तयार होती. सुदुंबऱ्याहून भावजयीचा भाऊ आला होता. लग्नात करवला होता तो, आता त्याचेही केस पांढरे झाले आहेत. भावजय सगळ्यांच्या मागे, लिफ्टच्या दाराला टेकून उभी होती.

गुरुजी म्हणाले, “चला, सुवासिनी पुढे या.”

“थांबा,” मी म्हणालो. “मला एक सांगायचं आहे.”

बहीण म्हणाली, “दादा, मुहूर्त चाललाय. नंतर जेवताना बोल की.”

“जेवताना नाही. आताच.”

मी सांगितलं. तो परमनंट नव्हता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, पायगुण म्हणाले तेव्हा मी तिथे बसलो होतो. भावाने सगळं स्वतःवर घेतलं, तेही सांगितलं. फार मोठं वाटत होतं मला ते, बोलायला लागलो तर थोडक्यात संपलं.

लिफ्ट वर आली, दार उघडलं, आत कोणी नव्हतं, दार मिटलं. एक म्हातारा चुलतभाऊ पुटपुटला, “जाऊ द्या आता. गेलेल्या माणसांचं कशाला उकरायचं?”

सुदुंबऱ्याचा भाऊ माझ्याजवळ आला. वाटलं, हात उगारतो आहे. त्याने तो हात खाली घेतला. “आमचं बाबा तुमाला लय मानायचं,” तो म्हणाला. “नोकरी घालवली म्हणून जावयाला घालून पाडून बोलायचं आन् तुमच्या पाया पडायचं.” एवढंच बोलून तो जिन्याकडे तोंड करून उभा राहिला.

पुतणी माझ्याकडे पाहत होती. ज्या शब्दाचं मूळ तिने मला हौसेने समजावून दिलं होतं, तो मी कशासाठी विचारला होता, हे तिच्या ध्यानात येत असावं. तिच्या डोळ्यांत राग होता की बापाची आठवण, मला ओळखता आलं नाही. हे लिहितो आहे तोवर तिचा रविवारचा फोन आलेला नाही. मी करू शकतो. करत नाही. तिचा तिने करावा असं वाटतं.

मग माझ्या बहिणीने कलश उचलला, गर्दीतून मागे गेली आणि लिफ्टपाशी उभ्या असलेल्या भावजयीच्या हातात दिला. “घे बाई,” म्हणाली. “मीबी म्हणलेय तुला. एकदा न्हाई, धा वेळा म्हणलेय.”

भावजयीने कलश दोन्ही हातांनी धरला. पदर सारखा करायला हात मोकळा नव्हता, तो मुलीने केला. लोक बाजूला झाले. ती माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे न बघता. उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि उजवं पाऊल आत टाकलं. तिच्यामागे मुलगी, मग आत्या, मग सगळेच. आत दूध उतू घालवायची गडबड सुरू झाली. कोणीतरी खिडक्या उघडल्या.

मी बाहेरच राहिलो, चपलांच्या ढिगापाशी. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं, ये म्हटलं नव्हतं. जिन्यातून खाली उतरावं का, असा विचार करत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला, मुलीला सांगत होती, “तुज्या काकांना म्हणावं, आत या. किती येळ उभे ऱ्हातील.”

पुतणी दारात आली. “मोठे काका, आई म्हणते आत या.” आणि लगेच वळून आत गेली.

मी चपला काढल्या. आत भिंतीकडची एक प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसलो.